तुळईवरचं पाणी

माशांची काचेची टाकी आधी आली, तिला ठेवायचा लाकडी स्टँड मागून झाला. संक्रांतीच्या आठ दिवस आधी नवरा नागपूरहून मित्राच्या पिकअपमध्ये घेऊन आला, तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, ८ एमएमची काच, खाली दोन गाद्या आणि चारही अंगाला गोधड्या. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीवरून आत वळलं की आमचा रस्ता असा आहे की तो पुढे ड्रायव्हरजवळ बसलाच नाही, मागे टाकीला धरून बसून आला. मधल्या खोलीत भिंतीशी खालीच ठेवली आणि मग ती तिथंच राहिली, रिकामी, जूनपर्यंत.

मासे मात्र घरात होतेच. मुलगा चौथीत आहे, त्याला मागच्या पावसाळ्यात आरोग्य केंद्राच्या हौदातले सहा गप्पी मासे मिळाले होते, डासांच्या अळ्या खातात म्हणून नाल्यात, डबक्यात सोडतात ना, तेच. गप्पी अंडी घालत नाही, सरळ पिल्लंच देते, आणि महिनाभरानं परत देते. बरणी भरली, मग बादली, मग आजेसासूबाईंचं जुनं पितळी गंगाळ काढलं, तर मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले पितळात मासे ठेवू नका, तांब्याचा अंश पाण्यात उतरते आणि जीव जाते. (हे बरोबर आहे, नंतर वाचलं, तांबं माशांना खरंच विषारी.) म्हणून प्लास्टिकचा टब. दिवाळीत मुलानं मोजले तेव्हा चाळीसच्या वर होते, त्यांना नीट घर पाहिजे हे त्यानं मला रोज संध्याकाळी सांगितलं, न रडता न हट्ट करता नुसतं सांगितलं, आणि त्यामुळंच मला ते जास्त लागलं.

टाकी घेतली तेव्हा वजनाचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घनफळाची गणितं दरवर्षी फळ्यावर सोडवते, पण स्वतःच्या घरातल्या वस्तूचं घनफळ काढायचं सुचलं नाही. मग एका रात्री वहीवर मांडलं. तीन गुणिले एक गुणिले दीड, साडेचार घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरली तर १२७ लिटर, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. काचेचं वजन २८ किलो. वाळू, दगड धरले वीस किलो. पावणेदोनशे किलो! आमच्याकडे धानाचा कट्टा चाळीस किलोचा भरतात, तर चार कट्टे आणि वर थोडं, एका लहानशा मेजावर, चोवीस तास, वर्षानुवर्षं, आणि मेज असं की खाली लहान लेकरू नाक लावून बसणार.

मामाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "चार कट्टे काही लय नाही, सूनबाई. पण धान गप बसते. पानी बसत नाही."

शेजारीपाजारी सगळ्यांचा एकच सल्ला होता, कूलरचा स्टँड असते तसा लोखंडी अँगलचा करून घ्या, वेल्डिंगवाला एका दिवसात देते. सल्ला चुकीचा नव्हता. अँगलचा स्टँड चांगला वेल्ड केला, रंगवला तर पावणेदोनशे किलो आरामात पेलतो. पण माझ्या डोक्यात कोठ्यातली, म्हणजे ढोरांच्या गोठ्यातली, तुळई बसली होती.

ती तुळई जुन्या घराची. आजेसासऱ्यांनी बांधलेलं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं म्हणजे कौलांचं घर, मामाजी अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि ते म्हणतात मी जन्मलो तेव्हा घर जुनंच होतं. तीन वर्षांपूर्वी ते पाडून स्लॅबचं केलं. फाटे, बांबू, कवेलू, सगळं कुणी ना कुणी नेलं, फक्त मधल्या खोलीवरची सागाची तुळई कुणाला द्यायची हिंमत झाली नाही, ती कोठ्यात दोन दगडांवर आडवी करून ठेवली. अकरा फूट लांब, सहा बाय पाच इंच. वरून चुलीच्या धुरानं काळी कुळकुळीत. खालच्या अंगाला मधोमध एक भोक, त्यात पाळण्याची कडी होती. मामाजी त्या कडीला टांगलेल्या पाळण्यात झोपले, माझा नवरा झोपला, माझा मुलगाही पहिले चार महिने त्याच कडीखाली होता.

साग आमच्या इकडचा म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागत नाही. आलापल्लीचा, बल्लारपूर डेपोचा साग किती दूर दूर जातो, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहूनच गेला. आमची तुळई काही इतकी मोठी नाही, कुणी आणली कुठून आणली ठाऊक नाही, पण इतकी वर्षं तिनं एकच काम केलं, डोक्यावरचं पाणी खाली येऊ द्यायचं नाही. आता मी तिला म्हणणार होते की बाई, पाणीच डोक्यावर घे. हे मला बरेच दिवस बरोबर वाटत नव्हतं, खरं सांगते. मी मामाजींना तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "कोठ्यात राहून उधईच खाईन तिले. कापा."

उधईनं सुरुवात केलीच होती. दोन्ही टोकं, जी मातीच्या भिंतीत होती, ती बोटानं दाबली की भुसा. एकेक फूट दोन्हीकडून गेला, नऊ फूट राहिली, आणि ती आतून टणक निघाली.

आरा मशीनवाला जुनं लाकूड घ्यायला तयार नव्हता, आणि त्याचं म्हणणं मला पटलं, जुन्या लाकडात कुठं खिळा असेल सांगता येत नाही आणि पट्ट्याचे दात गेले की त्याचा दिवस गेला. म्हणून आम्ही माय-लेकांनी दोन दिवस खिळे शोधले. बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक काढलं, दोऱ्याला बांधलं आणि तुळईवरून हळूहळू फिरवलं, जिथं चुंबक ओढ खाते तिथं खडूची खूण. तेवीस खिळे निघाले, चौकोनी, घरी ठोकून केलेले. चोविसावा राहिला. तो मशीनवर सापडला, कर्रर्र असा आवाज आला आणि सगळे थांबले. धार लावायचे पैसे मी दिले, त्यानं राग धरला नाही, उलट बाकीच्या फळ्या सावकाश काढून दिल्या.

पण पहिला काप गेला तेव्हाचा वास! वरून काळं, धुरकट, मेलेलं वाटणारं लाकूड आणि आत सोन्यासारखं पिवळं, आणि तो वास, नव्या चामड्यासारखा, थोडा तेलकट. इतक्या वर्षांनी. मशीनवर उभी असलेली माणसं पण जवळ आली. मामाजींनी मूठभर भुसा उचलला, नाकाला लावला आणि धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणला, तो अजून त्यांच्या उशाशी असलेल्या डब्यात आहे.

हत्यारं वाढई काकांची, वाढई म्हणजे सुतार. गावात आता एकच वाढई राहिले, पूर्वी नांगर, वखर, बंडी सगळं करायचे, आता जास्त करून प्लायचे कपाट आणि सनमायका. त्यांना मी म्हटलं करून देऊ नका, करू द्या. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग आत गेले आणि रंदा, पटाशी, गुण्या, करवत असं सगळं एका पोत्यात घालून आणून दिलं, वर म्हणाले, "धार गेली की आणून द्या बाई, बोथट पटाशीच हात कापते." सागात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, त्यानं धार लवकर जाते, सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात मी चार वेळा त्यांच्या दारात गेले. चौथ्या वेळी त्यांनी दगडावर धार लावायला शिकवलं, अंगठ्याच्या नखावर पटाशी टेकवायची, घसरली तर बोथट, रुतली तर झाली.

माझा कागदावरचा नकाशा असा होता की चार पाय उभे करायचे आणि वरच्या आडव्या पट्ट्या पायांना बाजूनं लावायच्या, मोठे मोठे स्क्रू मारून. काकांनी कागद पाहिला आणि विचारलं, वजन कशावर आहे? मी म्हटलं पट्टीवर. पट्टी कशावर? स्क्रूवर. "मंग लाकूड काहून लावता, स्क्रूच उभे करा." मग त्यांनी मातीत काडीनं काढून दाखवलं, पायाच्या डोक्याला खाच घ्यायची, पट्टी त्या खाचेत बसली पाहिजे, म्हणजे टाकीचं वजन पट्टीवर, पट्टीचं थेट पायाच्या लाकडावर, पायाचं फरशीवर. स्क्रू फक्त हलू न देण्यापुरता. घरात तुळई अशीच बसते ना, भिंतीवर टेकून, भिंतीला लटकून नाही. मला हे इतकं साधं आणि इतकं खरं वाटलं की नंतर मी बाजारातल्या स्टँडचे फोटो पाहताना आधी तेवढंच पाहते, वजन लाकडावर आहे की खिळ्यावर.

दुसरी गोष्ट तिरपी कैची. चौकट कितीही जाड लाकडाची करा, नुसत्या चौकटीला बाजूनं ढकललं की ती तिरकी होते, खाटेची होते तशी. वरून दाब कितीही सहन करेल पण लेकरू पळत येऊन धडकलं तर? त्रिकोण मात्र तिरका होत नाही, कवेलूच्या छपराला कैची म्हणूनच असते. मी मागच्या बाजूला १२ एमएमची प्लाय पूर्ण ठोकून घेतली, ती कैचीचंच काम करते, आणि एका बाजूनं तिरपी पट्टी. हे झाल्यावर स्टँडला धरून हलवलं तर स्टँड हलला नाही, मीच हलले.

पाय सव्वादोन इंची, उंची २८ इंच, हे माप मुलाला खाली पाटावर बसवूनच घेतलं. पाळण्याच्या कडीचं भोक ज्या तुकड्यात आलं तो मी वरच्या पट्टीत घेतला नाही कारण भोक असलेल्या लाकडावर वजन नको, तो समोरच्या खालच्या पट्टीला लावला, तिथं त्याला काही पेलायचं नाही. काका म्हणाले खुंटी मारून बुजवून देतो. मी नको म्हटलं. भोकाभोवती लोखंडाचा काळा डाग उतरलाय, रंद्यानं गेला नाही, तोही तसाच आहे.

आता जे सगळ्यात कठीण गेलं ते सांगते. मजबुती सोपी आहे, लाकूड जाड घेतलं की आली. सपाटी कठीण. काचेला वजनाचं काही वाटत नाही, तिला वाकणं सहन होत नाही. चार पायांत एक पाय दोन एमएम आखूड असला, किंवा वरची चौकट थोडी पिळलेली असली, तर रिकामी टाकी तशीच बसते, काही कळत नाही, आणि भरल्यावर सगळं वजन एका कोपऱ्याला जातं आणि काच नाही तर सिलिकॉनचा जोड तडकतो, कधी लगेच, कधी सहा महिन्यांनी मध्यरात्री. वरती मी १८ एमएमची पाण्यात टिकणारी प्लाय टाकली, आयएस ७१० चा शिक्का पाहून घेतली, मग ॲल्युमिनियमची सरळ पट्टी तिच्यावर उभी धरायची आणि पलीकडून टॉर्च. जिथून उजेड येतो तिथं खड्डा. मधोमध उजेड आला. केसाएवढा नाही, चांगला दोन एमएमचा. प्लाय काढली, खालच्या पट्ट्या रंदल्या, परत बसवली, परत टॉर्च. असं मला वाटतं नऊ-दहा वेळा. मुलगा टॉर्च धरायचा आणि ओरडायचा, आई उजेड गेला, आई परत आला.

मामाजी ओट्यावर बसून हे पाहत होते. शेवटी उठले आणि सुतळी घेऊन आले. चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावली. गाठ कोपऱ्याच्या अर्धा बोट अलीकडेच राहिली, म्हणजे चौकट काटकोनात नव्हती. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या आणि दोन्ही कर्ण समान आले तर काटकोन, हे मला पुस्तकातून ठाऊक, मामाजी शाळेत चौथीपुढे गेले नाहीत. "बांधी आखतो ना आमी," एवढंच म्हणाले.

भाताच्या बांधीत, म्हणजे खाचरात, चिखलणी झाली की मामाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून नुसतं पाणी पाहतात. बांधीत चार बोटं पाणी, त्यातून कुठं मातीचं डोकं वर आलं की तिथली माती ओढायची, जिथं पाणी गडद दिसते तिथं नेऊन टाकायची. उंच राहिलं तिथं तण माजतं, खोल राहिलं तिथं कोवळे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, बुडून सडतात. माती कितीही सपाट दिसो, पाणी सोडल्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत. आमच्या गावच्या तलावाची पाळ कोहळी लोकांनी बांधलेली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या काळातले तलाव गावोगाव आहेत, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली तेव्हापासून कागदावर माजी मालगुजारी तलाव आणि बोलताना मामा तलाव. त्या तलावापासून शेवटच्या बांधीपर्यंत पाणी नुसत्या उतारानं जातं, पंप नाही काही नाही. हे ज्यांनी साधलं त्यांच्या हातात कोणतं यंत्र असणार? पाणीच. मामाजी म्हणतात, "पानी लबाड बोलत नाही." हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते, रोवणीच्या म्हणजे भात लावणीच्या दिवसांत, पण त्याचा अर्थ मला टॉर्च धरून बसल्यावर कळला.

सपाटी साधली आणि मग पॉलिश. इथं मी दोन चुका केल्या, त्यातली एक मोठी होती.

काकांचं मन चपड्यावर. चपडा म्हणजे लाख, आमच्या भागात पळसावर, कुसुमावर, बोरीवर लाखेचे किडे असतात, लाख गोळा करायचं काम इकडे जुनं, ती साफ करून तिचे पातळ पापुद्रे करतात, स्पिरिटमध्ये भिजवले की पॉलिश. सागावर चपड्याचा बोळा फिरवला की जी झळाळी येते ती दुसऱ्या कशानं येत नाही, हे काका म्हणतात आणि मीही पाहिलंय. मामाजींचं मन जवसाच्या तेलावर, बंडीला, नांगराला ते हेच लावत आले, पूर्वी घरच्याच जवसाचं असायचं, आता इकडे जवस फारसं कुणी पेरत नाही. आणि पेंटच्या दुकानदाराचं म्हणणं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. मी उरलेल्या लाकडाचे तीन तुकडे घेतले, तिघांना तीन पॉलिश केले, चांगले आठ दिवस वाळू दिले आणि माठाखाली ठेवले, माठ रात्रभर पाझरतो. सकाळी चपड्यावर दुधासारखा पांढरा डाग. जवसाच्या तुकड्यावर काळपट गोल. पीयूवरचं पाणी पुसलं, खाली काही नव्हतं.

काकांना तो पांढरा डाग नेऊन दाखवताना मला वाईट वाटलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, वळवून पाहिला, म्हणाले, "पान्याचं काम नाही ते. देव्हाऱ्याचं काम हाय." मग मी ठरवलं पुढचा देव्हारा करीन तो चपड्याचाच, काकांकडून शिकून.

आता मोठी चूक. जवसाच्या तुकड्याला तेल लावलेल्या चिंध्या मी चुरगाळून कोठ्याच्या कोपऱ्यात टाकल्या, दुपारी, नवतपा, मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू व्हायला दोनच दिवस होते, पारा ४५ च्या आसपास. कोठ्यात तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, भरलेली. जवसाचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि घट्ट होताना गरम होतं. पसरलेल्या फडक्यातली गरमी हवेत जाते, पण चिंध्यांच्या गोळ्यात ती अडकते, वाढत जाते, आणि काडी न लावता पेट घेऊ शकतो. मला हे ठाऊक नव्हतं. मामाजी संध्याकाळी ढोरांना तणीस टाकायला गेले आणि त्यांना करपट वास आला. वासाच्या मागं गेले, गोळ्याला हात लावला तर चटका. त्यांनी तो काठीनं ओढून बाहेर आणला आणि ढोरांच्या पाण्याच्या घमेल्यात टाकला. मला हाक मारली, ओरडले नाहीत. दाखवलं फक्त. तणीस, दोन बैल, गाय, तिचं वासरू, आणि भिंतीला लागून आमचं घर. मी त्या रात्री झोपले नाही. जो कोणी घरी लाकडाला जवसाचं तेल लावत असेल त्याला मी हात जोडून सांगते, फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा नाही तर पाण्यात बुडवून ठेवा, गोळा करून कुठंच टाकू नका. बाकी या लेखातलं सगळं विसरलात तरी चालेल.

दुसरी चूक लहान, पीयूचा पहिला हात दुपारी दिला. त्या उन्हात ब्रश पुढं जायच्या आधी मागचं सुकतं, सगळे बुडबुडे आणि ब्रशच्या रेघा. दोन दिवस घासून काढला. नंतर पहाटे साडेपाचला, वारा सुटायच्या आत, अंगणात रात्री पाणी शिंपडून धूळ बसवलेली. आणि सागाला आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायचं, त्याच्या अंगातलं तेल वर आलेलं असतं, त्यावर पॉलिश धरत नाही. ८०, १२०, २२० असा पॉलिश पेपर, प्रत्येक हातानंतर ३२० नं हलकंसं, असे चार हात. पायांच्या तळव्यांना सहा. लाकूड आडवं कापलं की त्याच्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात, ती पाणी ओढतात, आणि फिश टँकच्या खाली फरशीवर पाणी सांडणारच, मुलगा आहे, बादल्या आहेत. वरच्या प्लायच्या कडांनाही तसंच. जिथं कुणी पाहणार नाही तिथं मी जास्त पॉलिश लावलं कारण पाणी तिथंच जाणार.

नवरा जूनच्या पहिल्या शनिवारी नागपूरजवळच्या बुटीबोरीहून आला आणि आम्ही स्टँड आत नेला. आणि आत नेल्यावर कळलं की आमच्या मधल्या खोलीच्या फरशीला दाराकडे उतार आहे, मिस्त्रीनं धुवायच्या सोयीसाठी ठेवलेला, तीन फुटांत सहा एमएम. एवढे दिवस अंगणात जी सपाटी साधली ती खोलीत गेलीच. नवरा म्हणाला टाकीखाली पुठ्ठा घालू एका बाजूनं. ते कधीच करायचं नाही, काचेखाली पाचर घातली की सगळं वजन त्या पाचरीच्या कडेवर येतं. पाचर पायाखाली घालायची. सागाच्याच ढलप्या होत्या, मामाजींनी कोयत्यानं त्या कागदासारख्या पातळ तासल्या आणि दोन पायांखाली एकेक सरकवत गेले. लेव्हलचा पारदर्शक पाईप नवऱ्यानं एका टोकाला धरला, मी दुसऱ्या. प्लायवर थर्माकोलचं एक शीट, बारीक उंचसखल ते गिळून घेतं, आणि त्यावर टाकी.

मग पाणी. पाव टाकी भरली आणि थांबलो. चारही कोपऱ्यांना पट्टीनं पाण्यापासून काठापर्यंतचं अंतर मोजलं. तीन कोपरे सारखे, चौथा तीन एमएम कमी. परत उपसलं, परत ढलपी. दुसऱ्यांदा भरली, अर्ध्यापर्यंत, तेव्हा चारही कोपरे एक. मुलानं चारही आकडे भिंतीवर पेन्सिलनं लिहिले, मी काही बोलले नाही. मामाजी मात्र पट्टीकडे बघितलेच नाहीत. ते खोलीच्या दारात उकिडवे बसले, डोळे पाण्याच्या रेषेला आणले, एक डोळा मिटला, बराच वेळ तसेच बसले, जसे धुऱ्यावर बसतात. मग उठले आणि म्हणाले, "रोवा."

मासे लगेच सोडले नाहीत. टबातलं जुनं पाणी, टबातली शेवाळलेली खडी असं थोडं थोडं नव्या टाकीत घातलं, माशांच्या विष्ठेचा अमोनिया पचवणारे जीवाणू वाळूत वसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर आठ-दहा मासेच, बाकीचे टबात. मुलानं हेही ऐकलं. जुलैच्या मध्यावर, आमची रोवणी निम्मी झाली होती, त्या दिवशी उरलेले सगळे टाकीत गेले. मोजायला त्यानं वही घेतली होती, पण ते एका जागी थांबेचनात, पंच्याऐंशीपर्यंत मोजले आणि सोडून दिलं.

पावसात एक झालं. स्टँडला खाली मी दोन पल्ल्यांचं दार केलं आहे, त्याच तुळईच्या उरलेल्या फळ्या जोडून, आत खाद्य, जाळी, पंपाचं सामान राहतं. मे महिन्यात बसवलं तेव्हा दोन पल्ल्यांच्या मध्ये एक एमएम फट ठेवली होती, दार इतकं सुरेख मिटायचं की मी उगाच उघडून मिटायची. लाकूड मे महिन्यात सगळ्यात वाळकं असतं हे तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं. ऑगस्टच्या झडीत, पाच दिवस सूर्य नाही, फळ्या आडव्या फुगल्या आणि दार गच्च बसलं. इतक्या वर्षांचं वाळलेलं, पॉलिश केलेलं लाकूड, तरी हवेतलं पाणी त्याला पोचलंच. मी रंदा मागायला काकांकडे गेले.

काका चिखलातून आमच्या घरी आले, दार ओढून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला, आणि रंदा परत पोत्यात घातला. म्हणाले, आत्ता रंदलं तर उन्हाळ्यात बोटभर फट पडते. दिवाळी होऊ द्या, मग पाहू.

तेव्हापासून संध्याकाळी माशांना खायला घालायची वेळ झाली की मुलगा पाटावर बसतो, एक पाय स्टँडच्या पायाला टेकवतो, पाळण्याच्या त्या भोकात बोट घालतो आणि दुसऱ्या हातानं दार ओढतो. ते जरा वेळ घेतं आणि मग उघडतं. वर पाणी हलत नाही.